अमेरिकेत फ्रॅटर्निटी जॉइन केली तर इंटर्नशिप आणि नोकरीला खरंच फायदा होतो का?

तुझा प्रश्न असा आहे की ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगच्या बॅचलर्ससाठी अमेरिकेला चाललोय, तिकडे ग्रीक अक्षरांच्या नावाच्या फ्रॅटर्निटी, म्हणजे वर्गणी भरून चालणाऱ्या आणि बऱ्याचदा एकाच घरात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या संघटना असतात, त्यात गेलं की सीनियर लोक इंटर्नशिप आणि नोकरी लावून देतात असं ऐकलंय, हे खरं का, आणि मध्ये एक सेमिस्टर युरोपात स्टडी अब्रॉड करायचं डोक्यात आहे तर ते जमेल का.

मी तिकडे ४ वर्षं मेकॅनिकल केलं, मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत, गावाच्या चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. त्यातली ३ वर्षं फ्रॅटर्निटीत होतो, आणि त्यातलं १ वर्ष माजी मेंबरांना न्यूझलेटर पाठवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे उन्हाळ्यात कोण कुठे कामाला आहे, पास झालेले कुठे लागले, कोण कुठल्या देशात शिकायला गेलंय हे सगळं गोळा करून लिहायचं. त्यामुळे हा विषय मला आतून माहीत आहे आणि उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ सांगतो. नोकरी कोणी लावून देत नाही. वेळेवर सांगतात. तुझ्यासारख्या, घरातल्या कोणीही अमेरिकेत शिक्षण न घेतलेल्या मुलासाठी हे वेळेवर सांगणं किती मोठं आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

फ्रॅटर्निटी म्हणजे पिक्चरमधल्या पार्ट्या हे डोक्यातून काढ. माझे आजोबा कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकले, शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जी सुरुवात केली त्या परंपरेतली बोर्डिंगं. आजोबा सांगायचे की वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला पुस्तकं द्यायचा, कुठल्या ऑफिसात जागा निघालीय ते सांगायचा. आमचं हाऊस, म्हणजे फ्रॅटर्निटीचं राहायचं घर, मला तसंच वाटलं, म्हणजे हेतू आणि काळ सगळं वेगळं आहे पण एका छपराखाली पुढे गेलेला आणि मागून येणारा एकत्र जेवतात, हे तेच. अमेरिकेतला हा प्रकारही जुना आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडीच्या युनियन कॉलेजात १८२५ साली कॅप्पा अल्फा सोसायटी निघाली तिथून आजच्या सोशल फ्रॅटर्निटीची वाट सुरू झाली असं मानतात.

आता उन्हाळ्याचं. तिकडे मे महिन्यात कॉलेज संपतं ते ऑगस्टपर्यंत, आणि या ३ महिन्यांत अमेरिकन मुलगा घरी बसून राहत नाही, श्रीमंताचा असला तरी नाही. न्यूझलेटरसाठी मी ज्या नोंदी लिहिल्या त्यात एक जण तळ्यावर लाइफगार्ड, दोघं घरं रंगवायच्या कामावर, एक लहान मुलांच्या समर कॅम्पवर, एक अलास्कात सॅमन माशांच्या कारखान्यात दिवसाला १६ तास उभा. एक जण दारोदार पुस्तकं विकायला गेला होता, नॅशव्हिलच्या साउथवेस्टर्न कंपनीतर्फे, ती कंपनी १८६८ पासून कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्यात हे काम देते, पगार नाही, विकलं तर पैसे. पहिल्या वर्षाची मुलं असली कामं करायची, दुसऱ्या वर्षानंतर मात्र नोंदींमध्ये कंपन्यांची नावं यायला लागायची.

माझ्या एका ब्रदरच्या, म्हणजे फ्रॅटर्निटीतल्या मेंबरच्या घरी, जुलैमध्ये, मी रविवार धरून राहायला गेलो होतो. तो शाळेपासून दर उन्हाळ्यात मक्याचे तुरे काढायच्या कामाला जायचा. हायब्रीड बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी ओळींचे तुरे परागकण सुटायच्या आत काढावे लागतात, मशीन बरंचसं काढतं आणि उरलेले माणसांनी हाताने खुडायचे. सकाळी ६ ला शेतात, पानं दवाने चिंब, म्हणून पोरं कचऱ्याच्या काळ्या पिशवीला भोकं पाडून ती अंगात घालतात, आणि १० वाजता ऊन चढलं की तीच पिशवी काढून टाकायची. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मक्याच्या पानांचे बारीक लाल ओरखडे होते. मी बांधावर उभा होतो, हात शिवशिवत होते, आमच्याकडेही मका असतो, पण पैसे घेऊन त्यातला एक तुराही मला खुडता आला नसता.

कारण एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा. हे नीट वाच, कारण ब्रदर लोकांना हे माहीत नसतं आणि ते प्रेमाने म्हणतात की चल माझ्याबरोबर रंगकामाला, रोख पैसे मिळतील. अजिबात जायचं नाही. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना फक्त कॅम्पसवर आठवड्याला २० तास, सुट्टीत कॅम्पसवर फुल टाइम. कॅम्पसबाहेर काम करायचं तर पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच कंपनीत काम करायची परवानगी, तेही तुझ्या अभ्यासक्रमाशी जोडलेलं काम हवं आणि सुरू करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसकडून आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर, नोंद हवी. फुल टाइम सीपीटी १२ महिने झाली की पास झाल्यावर मिळणारी कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, जाते, म्हणून ते मोजून वापर. ओपीटी १२ महिन्यांची, आपल्यासारख्या स्टेमवाल्यांना, म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना, आणखी २४ महिने वाढवून मिळते. हे नियम बदलू शकतात, तेव्हा दर वेळी इंटरनॅशनल ऑफिसला विचार, ब्रदरला नाही. माझा पहिला उन्हाळा कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्ये भांडी धुण्याच्या खोलीत गेला आणि मला त्याची काहीच लाज वाटली नाही, सगळा हिशोब कायद्यात होता आणि सप्टेंबरची पुस्तकं त्याच पैशांतून आली.

सप्टेंबरवरूनच मुख्य मुद्दा. मला वाटायचं की पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये शोधायची, आपल्याकडे परीक्षा जवळ आली की मुलं धावपळ करतात तसं. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री जेवणानंतर माझा बिग ब्रदर, म्हणजे नवीन मुलाला एक सीनियर जोडून देतात तो, म्हणाला तुझा रेझ्युमे आण. मी म्हटलं आत्ता कशाला, उन्हाळ्याला अजून ८ महिने आहेत. तो म्हणाला करिअर फेअर, म्हणजे कंपन्या कॅम्पसवर येऊन मुलांना भेटतात तो मेळावा, १० दिवसांवर आहे आणि चांगल्या कंपन्यांचे उन्हाळ्याचे निर्णय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपतात. जेवणाच्या लांब टेबलावर केचपच्या बाटल्या बाजूला सारून त्याने लाल पेनने २ पानांचं १ पान केलं, दहावीचे मार्क काढले, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख काढली, आणि वर्कशॉपमध्ये आम्ही केलेल्या छोट्या इंजिनच्या प्रोजेक्टची एक ओळ होती तिच्या ४ ओळी करायला लावल्या, काय मोजलं, किती फरक पडला, आकडे टाक म्हणाला. फेअरच्या सकाळी त्याने स्वतःचा नेव्ही ब्लू सूट मला दिला, बाह्या लांब होत्या तर दुसऱ्या एकाने आतून सेफ्टी पिना लावून दिल्या. हे सांगताना आजही मला भरून येतं. भाऊ म्हणणं आणि भावासारखं वागणं यातला फरक मला त्या सकाळी कळला.

पण ओळखीची हद्दही त्याच फेअरमध्ये दिसली. ऑनलाइन अर्जात एक प्रश्न असतो, आत्ता किंवा पुढे तुम्हाला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का. खरं उत्तर हो आहे, आणि खरंच लिहायचं. एका कंपनीत आमचा माजी मेंबर बऱ्यापैकी वरच्या जागेवर होता, त्याने मनापासून शब्द टाकला, इंटरव्ह्यू छान झाला, आणि त्या एका उत्तरावर थांबलं. त्याचा फोन आला तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त नाराज होता. एच-१बी, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवायचा नोकरीचा व्हिसा, याची वर्षाची मर्यादा ८५ हजार आहे, त्यातल्या २० हजार तिथल्या मास्टर्स आणि पुढच्यांसाठी राखीव, अर्ज जास्त आले की लॉटरी, त्यामुळे बऱ्याच कंपन्या त्या वाटेलाच जात नाहीत आणि तिथे वशिला कामाचा नाही. पण त्याच माणसाने मला पुढची गोष्ट सांगितली, की परदेशात मोठं काम असलेल्या कंपन्या धर, त्यांना दोन्हीकडची माणसं लागतात. त्याने कमिन्सचं नाव घेतलं, मुख्यालय कोलंबस, इंडियानाला. मी त्याला सांगितलं की आमच्या पुण्यात कोथरूडला त्यांचा कारखाना आहे आणि कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजच त्या नावाचं आहे, तो थक्क झाला. पुढे तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप मला इंजिनांच्याच एका कंपनीत मिळाली, ओळखीने नाही, फेअरमधून.

कोणी तुला आकडे दाखवेल म्हणून सांगतो. युनियन कॉलेजच्या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आहे, ईशान्येकडच्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवरचा, त्यात निघालं की फ्रॅटर्निटीमुळे मुलांचा जीपीए, म्हणजे ४ पैकी मोजतात ते सरासरी गुण, साधारण ०.२५ ने खाली येतो आणि पुढचं उत्पन्न साधारण ३६ टक्क्यांनी वाढतं. एका कॉलेजचा अभ्यास आहे, व्हिसावर आलेल्या मुलाने ते ३६ टक्के जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. ०.२५ मात्र खरे धर, कारण बऱ्याच कंपन्या ३.० च्या खालचा रेझ्युमे बाजूला ठेवतात आणि आपल्याला तेवढी सूट नाही. माझाही जीपीए प्लेज सेमिस्टरला, म्हणजे पक्का मेंबर होण्याआधीच्या उमेदवारीच्या सेमिस्टरला, घसरला होता आणि वर काढायला मला पूर्ण वर्ष लागलं.

स्टडी अब्रॉडचं गणित वेगळंच आहे आणि हे कोणी आधी सांगत नाही. ही पद्धत १९२३ पासूनची, डेलावेअर युनिव्हर्सिटीने ८ विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवले तिथून, आणि अजूनही तिसरं वर्ष हेच त्याचं ठरलेलं वर्ष मानतात. आमच्या हाऊसमधले बिझनेस आणि इतिहासवाले आरामात फ्लोरेन्स, सेव्हिल करून यायचे. इंजिनिअरला तिसऱ्या वर्षाचा सप्टेंबर बाहेर घालवला की करिअर फेअर गेला, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा फेअर. मग वसंतात जावं म्हटलं तर जर्मनीतलं समर सेमिस्टर एप्रिलमध्ये सुरू होऊन लेक्चर जुलैपर्यंत चालतात, आणि इंटर्नशिप मे-जूनमध्ये सुरू. मी शेवटी मधला मार्ग काढला, मे महिन्यात स्टुटगार्टला ४ आठवड्यांचा कोर्स, आमच्याच प्रोफेसरबरोबर, आमच्याच युनिव्हर्सिटीचे क्रेडिट, आणि जूनमध्ये परत येऊन कामाला. अमेरिकन मुलं नुसता पासपोर्ट घेऊन विमानात बसली, मला शेंगेन व्हिसासाठी शिकागोच्या जर्मन कॉन्सुलेटला जावं लागलं, आणि परत यायला आय-२० वर प्रवासाची सही आणि अमेरिकेचा व्हिसा चालू असायला हवा ते वेगळं. पूर्ण सेमिस्टर जायचंच असेल तर तुझ्या युनिव्हर्सिटीच्याच प्रोग्रामने जा, म्हणजे तुझं एफ-१ स्टेटस चालू ठेवता येतं, स्वतंत्र जाऊन ५ महिन्यांच्या वर बाहेर राहिलास तर स्टेटस जाऊ शकतं.

आता हेझिंग, म्हणजे आपलं रॅगिंग. यात मी काहीही सौम्य करून सांगणार नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेटमध्ये टिमोथी पियाझा नावाचा १९ वर्षांचा मुलगा बीटा थीटा पाय च्या हाऊसमध्ये दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला आणि तासन् तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, तो गेला. त्यानंतर पेन्सिल्वेनियात त्याच्या नावाचा कायदा झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या देशासाठी कायदा आला, आता कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती वेबसाइटवर टाकावी लागते. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट शोध आणि रशला, म्हणजे फ्रॅटर्निटी नवीन मेंबर निवडतात त्या दिवसांत, जायच्या आधी वाच. ज्या हाऊसचं नाव त्यात आहे तिथे पाय ठेवू नको, कितीही मोठे लोक तिथून निघालेले असोत. आणि कुठेही, कधीही, दारू पिण्यासाठी दबाव आला तर त्याच क्षणी निघून ये, बिड, म्हणजे मेंबर होण्याचं आमंत्रण, परत देता येते.

सोशल फ्रॅटर्निटीच पाहिजे असंही नाही. प्रोफेशनल प्रकार असतात, मुलं-मुली दोघांना घेणाऱ्या, इंजिनिअरिंगची थीटा टाऊ १९०४ ला मिनेसोटात निघालेली, बिझनेसची डेल्टा सिग्मा पाय १९०७ ची. आपल्या देशी मुलांनी काढलेल्याही आहेत, आयोटा नू डेल्टा १९९४ ची, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ला ऑस्टिनमध्ये सुरू झालेली. तुला फक्त करिअरसाठी जायचं असेल तर मी प्रोफेशनल बघ म्हणेन, खर्चही सहसा कमी. माझ्या वेळी आमची वर्गणी सेमिस्टरला ४५० डॉलर होती, राहणं-जेवण वेगळं, आणि पहिल्या सेमिस्टरला प्रवेशाचे जादा पैसे. बाबांना फोन करायच्या आधी लेखी आकडा माग.

रशमध्ये सगळेच गोड बोलतात, म्हणून तू एकच विचार, तुमच्यातले गेल्या उन्हाळ्यात कुठे कुठे होते. ज्या हाऊसमध्ये एकमेकांकडे लक्ष आहे तिथे तीन-चार जण एकदम बोलायला लागतात, हा अमुक ठिकाणी होता, त्याने तमुक केलं, आणि त्यात परदेशातून आलेल्या मुलाचं एखादं नाव येतंय का ते ऐक. आलं तर त्याला गाठून सीपीटी कशी केली ते विचार.

आणि जाण्याआधी एक सूट इथेच शिवून घे, नेव्ही ब्लू, शिलाई इथे परवडते. टेलरला आत थोडं कापड सोडायला सांग, पहिल्या वर्षी डायनिंग हॉलच्या जेवणाने सगळ्यांचंच वजन वाढतं.