वाचक विचारतात : काही देशांत मनाई असलेला भाग ओपन सोर्समधून गाळावा का?

प्रश्न : आमच्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) अॅपमध्ये नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-डेटा प्रकल्पाचा जगाचा नकाशा आहे. त्यातली काश्मीरची सीमा भारताच्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही. नकाशाच काढून टाकावा का? – वाचक, पुणे

काढू नका, डेटा कोडपासून वेगळा करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केल्यास 1961च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमाच्या कलम 2नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे भारतात वाटायच्या आवृत्तीत अधिकृत सीमाच हवी. पण चीनला तीच रेषा चालत नाही. प्रत्येक देशाची हरकत मोजून गाळत बसलात, तर नकाशा कुणाच्याच हाती लागणार नाही.

नॅचरल अर्थ देशोदेशींच्या भूमिकेनुसार वेगळ्या फाइली देते. नावाच्या शेवटी ‘आयएनडी’ असलेली देशांची फाइल घ्या, आणि पूर्ण घ्या. जुन्या फाइलीत फक्त भारताचा आकार बदललात तर तो पाकिस्तान-चीनच्या आकारांवर चढतो, सीमा दुहेरी दिसते आणि क्लिक केल्यावर भलताच देश निवडला जातो. सीमारेषांचा थर वेगळा असतो; तो ‘एफक्लास_आयएन’ या रकान्यावरून गाळून घ्या. हे करायचं राहिलं तर देश बरोबर रंगतात, पण वरून जुनी तुटक रेषा तशीच दिसते. आकडेवारी जोडताना देशांच्या तीन अक्षरी कोडचा ‘आयएसओ_ए3’ रकाना वापरू नका, त्यात फ्रान्स आणि नॉर्वेपुढे कोडऐवजी उणे 99 आहे. ‘एडीएम0_ए3’ वापरा.

ही फाइल एकास एक कोटी प्रमाणातली, म्हणजे मोबाइलसाठी जड. मॅपशेपर या नकाशा हलका करण्याच्या साधनात सीमेचे बिंदू कमी करून ती 10 टक्क्यांपर्यंत सोपी करता येते, पण लहान बेटं गळतात. ‘कीप-शेप्स’ हा पर्याय दर देशाचा एकच तुकडा राखतो, त्यामुळे अंदमान-निकोबारची त्याने हमी मिळत नाही. आधी ‘एक्स्प्लोड’ करून बेटं सुटी करा, मग ‘कीप-शेप्स’ लावून सोपी करा, शेवटी ‘डिझॉल्व्ह’ने जोडा. तयार नकाशा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशेजारी ठेवून स्वतः तपासा. नॅचरल अर्थला सरकारी प्रमाणपत्र नाही. कोणती फाइल जावी हे बिल्ड करतानाच (कोडपासून अॅप तयार करतानाच) ठरवा. आयपी पत्त्यावरून ठरवलंत तर व्हीपीएन असताना किंवा ऑफलाइन वापरात चुकीची सीमा दिसेल.

प्रश्न : फेडोरा या लिनक्स प्रणालीवर एच.264 या प्रकारचा व्हिडिओ लावला की प्रोसेसर तापतो. ग्राफिक्स एएमडीचं आहे. – वाचक, नाशिक

पेटंटच्या कारणाने फेडोराने 2022मध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हर-संचातलं एच.264, एच.265 आणि व्हीसी-1 या व्हिडिओ प्रकारांचं हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स कार्डाकडून व्हिडिओ उलगडणं) बंद केलं, त्यामुळे ते काम प्रोसेसरवर पडतं. मेसाच्या मूळ कोडमध्ये ते आजही आहे, म्हणूनच उपाय सोपा आहे. आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या संग्रहाचा ‘फ्री’ रेपो (पॅकेजसाठा) सुरू करा आणि ‘डीएनएफ स्वॅप’ या आज्ञेने ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’च्या जागी त्याच नावाचं ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेज बसवा. मग ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा चालवून यादीत एच.264 आलं का पाहा. दोन रेपोंतल्या मेसाच्या आवृत्त्या मागेपुढे झाल्या की अपडेट अडतं. जबरदस्तीने पॅकेज काढू नका, एक-दोन दिवस थांबा.

डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीनेही असंच, कोड न कापता वेगळं ठेवलं होतं. अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे कूटलेखनाची पॅकेजेस ‘नॉन-यूएस’ या विभागात, अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर असत. 2000मध्ये नियम सैल झाले, पॅकेजेस मुख्य संग्रहात आली आणि 2005च्या सार्ज या आवृत्तीत तो विभाग उरला नाही. कोडच कापला असता तर सगळं नव्याने लिहावं लागलं असतं.

प्रश्न : परवान्यातच ‘अमुक देशात वापरू नये’ लिहिलं तर? – वाचक, बेळगाव

तसं केल्यास तो परवाना ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. स्थानिक कायदा पाळावा अशी सूचना चालते, अट चालत नाही. जीपीएल या प्रसिद्ध ओपन सोर्स परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं कलम 8 पेटंटमुळे एखादा देश वगळण्याची मुभा मूळ लेखकाला देतं, पण तिसऱ्या आवृत्तीत ते नाही. सूचना रीडमी फाइलमध्ये लिहा आणि परवान्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवा.