मध्ययुगातल्या कॅथलिक शिक्षणात नुसती घोकंपट्टीच होती का?

तुमच्यासारखंच मलाही बरीच वर्षं वाटायचं की पाद्री सांगणार आणि पोरं पाठ करणार, एवढंच असेल. पाठांतर भरपूर होतंच, पण थॉमस अक्वायनस हा तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ वाचला आणि माझं मत बदललं.

पॅरिस विद्यापीठात तेव्हा जाहीर वादसभा व्हायच्या, प्रश्न मांडायचा, त्यावर आक्षेप घ्यायचे आणि शेवटी गुरूने निकाल द्यायचा. १२५६ ते १२५९ च्या दरम्यान अक्वायनसने तिथे एक प्रश्न घेतला, की माणूस माणसाला शिकवू शकतो का, की ते फक्त देवच करू शकतो?

हा प्रश्न आला ऑगस्टीन या कितीतरी आधीच्या ख्रिस्ती विचारवंताकडून. त्याने ३८९ च्या सुमारास आपल्या मुलाशी, अदेओदातुसशी झालेला संवाद लिहिलाय, त्यात बायबलमधला 'साराबारे' हा अनोळखी शब्द घेतो. कोणी सांगितलं की हे डोक्यावर घालायचं काहीतरी आहे, तरी डोकं म्हणजे काय हे मला आधी बघूनच माहीत असणार ना, मग शब्दाने शिकवलं काय? त्याच्या मते शब्द नुसते बोट दाखवतात, खरा गुरू आत असतो, ख्रिस्त.

अक्वायनस ते खोडून काढत नाही पण शिक्षकाला त्याची जागा देतो, आणि त्यासाठी दिलेलं वैद्याचं उदाहरण मला फार आवडतं. आजारी शरीर मुळात स्वतःच्याच ताकदीने बरं होतं, वैद्य औषध देऊन मदत करतो. तसं ज्ञानाचं बी विद्यार्थ्याच्या डोक्यात असतंच, माणूस स्वतः शोधताना ज्या पायऱ्यांनी जातो त्याच पायऱ्यांनी शिक्षकाने त्याला न्यायचं.

मी सातवीच्या मुलांना गणित शिकवतो. एकजण १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ असंच लिहायचा, नियम दहादा सांगून झाला होता. शेवटी त्याला भाकरीचं चित्र काढायला लावलं, अर्धी रंगवली आणि तोच म्हणाला, "सर, २/५ तर अर्ध्याहून कमी आहे, मग बेरीज कमी कशी झाली?" त्यापुढे मला फारसं बोलावंच लागलं नाही.

आणि अक्वायनसच्या 'सुम्मा' या धर्मशास्त्रावरच्या ग्रंथाची प्रस्तावना नक्की वाचा. तिथे तो सरळ म्हणतो की नवख्यांची अडचण होते ती नको त्या प्रश्नांच्या गर्दीने, विषयाचा क्रम न पाळल्याने, आणि तेच तेच सांगितल्याने पोरं कंटाळतात. म्हणून त्याने सगळी मांडणी नव्याने केली.