कॅरेक्टर म्हणजे अक्षर का? आणि स्ट्रिंगला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: भाचीला पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) शिकवतोय, शब्द उलटसुलट वाचला तरी तोच राहतो का हे तपासणारा प्रोग्राम केला, 'सरस' टाकलं तर हो म्हणाला, 'कडक' टाकलं तर हो म्हणाला, आणि 'नवजीवन' टाकलं तर नाही म्हणाला, वर उलटं करून 'नवीजवन' छापलं. भाची म्हणते पायथॉनला मराठी येत नाही. आमच्या नोट्समध्ये 'कॅरेक्टर म्हणजे अक्षर, स्ट्रिंग म्हणजे अक्षरमाला' असं लिहिलंय, ते बरोबर आहे का?

तर पहिल्यांदा भाचीला सांगा की पायथॉनची यात काही चूक नाही, चूक नोट्समधल्या त्या एका शब्दाची आहे. कॅरेक्टर म्हणजे अक्षर नाही. इंग्रजीत ते जवळजवळ एकच असल्यामुळे कुणाला खटकत नाही पण आपल्याकडे लगेच उघडं पडतं.

बोटांवर मोजा बरं, न-व-जी-व-न, पाच. आपण सगळेच असं मोजतो, अंताक्षरीत पण आणि अभंगात पण. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, आणि तिथे 'स्त्री' आला की एकच अक्षर धरतात, जोडाक्षर आहे म्हणून कुणी तीन मोजत नाही. आता पायथॉनला 'नवजीवन'ची लांबी विचारा, तो सहा म्हणेल. कारण त्याच्याकडे 'जी' नावाची एक वस्तूच नाही, 'ज' वेगळा आणि दुसरी वेलांटी वेगळी, असे दोन तुकडे एकामागे एक ठेवलेत. उलटं केल्यावर वेलांटी 'ज'च्या आधी आली आणि तिच्या मागे जो सापडला त्या 'व'ला जाऊन चिकटली, झालं 'नवीजवन'. 'सरस' आणि 'कडक'मध्ये काना-मात्रा-वेलांटी काहीच नाही म्हणून ते सुटले, नशीब म्हणायचं.

मग काहीजण म्हणतील अक्षर नसेल तर वर्ण म्हणा. मलाही आधी तसंच वाटायचं, पण तेही जमत नाही. शाळेत फोड करायला लावायचे आठवतं का, न् + अ + व् + अ + ज् + ई + व् + अ + न् + अ, हे झाले दहा वर्ण. कॉम्प्युटरच्या 'न'मध्ये तो 'अ' आतच बसलेला असतो, तो वेगळा मोजला जात नाही, उलट 'अ' काढायचा असेल तर पाय मोडायचं चिन्ह वेगळं लावावं लागतं. म्हणजे व्याकरण पाय मोडक्या 'न्'पासून सुरू करून 'अ' मिळवतं आणि युनिकोड (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) पूर्ण 'न'पासून सुरू करून 'अ' वजा करतं. अगदी उलट हिशोब. (वर्ण उलटे केले तर 'अनवीजवन्' येतं, करून बघा, ते तर अजूनच भारी दिसतं.)

हे सगळ्यात छान 'स्त्री' शब्दात दिसतं. अक्षर एक. वर्ण चार, स् त् र् ई. युनिकोडची चिन्हं सहा: स, पायमोड, त, पायमोड, र, दुसरी वेलांटी. आणि फाइलमध्ये यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवलं तर बाइट (साठवणीचं छोटं माप) अठरा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एकच शब्द, चार वेगळी उत्तरं, आणि चारही बरोबर! पायथॉनचं लेन (लांबी मोजायची आज्ञा) यातलं तिसरं उत्तर देतं, सहा. मराठीत एसएमएस केला की तो १६० ऐवजी ७० वर संपतो ना, तिथेही ही चिन्हंच मोजली जातात, एक 'स्त्री' लिहिली की सत्तरातले सहा गेले.

माझा मामा छापखान्यात जुळारी होता, म्हणजे खिळे जुळवायचा. त्याला हे सगळं दोन मिनिटांत कळलं असतं, कारण त्याच्यासमोरच्या खणांमध्ये अक्षरं नव्हतीच, खिळे होते, अर्धा स, काना, रफार असे सुटे सुटे. एका ओळीत खिळे किती आणि अक्षरं किती हे दोन वेगळे आकडे असतात हे त्याला सांगावं लागलं नसतं. म्हणून कॅरेक्टरला मराठी शब्द म्हणून मला मनातून 'खिळा'च आवडतो. पण आजच्या मुलांना खिळा म्हटलं की भिंतीत ठोकायचाच आठवणार, तेव्हा 'चिन्ह' म्हणा. काना हे चिन्ह, वेलांटी हे चिन्ह, स्वल्पविराम, आकडा, रिकामी जागा सगळी चिन्हंच, कुठे अडत नाही. नाहीतर सरळ कॅरेक्टर म्हणा, फक्त वर्गात 'याचं कॅरेक्टर तपासा' म्हटलं की मागच्या बाकावर हसतात एवढंच.

जुन्या यंत्रांत आणि युनिकोडमध्ये एक फरक मात्र आहे. जुन्या मराठी टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना 'क' आधी साठवतात आणि वेलांटी नंतर, बोलतो त्या क्रमाने, आणि ती डावीकडे काढायचं काम फॉन्टचं. टायपिंगची परीक्षा दिलेल्या जुन्या लोकांची बोटं इथे हमखास अडखळतात.

आता स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक ओवलेली चिन्हं. 'अक्षरमाला' वरच्याच कारणाने बाद, मणी अक्षरांचे नाहीतच. 'चिन्हमाला' बरोबर आहे पण कुणी बोलणार नाही. मी स्ट्रिंगच म्हणते, आणि बहुतेक सगळे ती स्त्रीलिंगीच वापरतात, ती स्ट्रिंग रिकामी आहे, ती कापली, ती जोडली. समजावताना मात्र माळेची उपमा फार कामाला येते. पायथॉनमध्ये ओवलेल्या माळेतला एक मणी बदलता येत नाही, नवीन माळ ओवावी लागते. आणि गंमत बघा, अक्षर शब्दाचा मूळ अर्थ 'जे क्षरत नाही, झिजत-बदलत नाही ते', म्हणजे पायथॉनची स्ट्रिंग अक्षरांची नसली तरी स्वतः अक्षर आहे!

भाचीचा प्रोग्राम दुरुस्त करायला शब्दाचे आधी अक्षरवार तुकडे पाडा आणि मग तुकड्यांची यादी उलटी करा. नियम सोपा आहे, आलेलं चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा पायमोड असेल तर ते आधीच्या तुकड्याला चिकटवायचं, आधीचा तुकडा पायमोडीवर संपत असेल आणि आता व्यंजन आलं असेल तरी चिकटवायचं, नाहीतर नवा तुकडा सुरू. पाच-सात ओळींचं काम. तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड) पण आहेत पण त्या जुन्या असतील तर 'स्त्री'चे स्, त्, री असे तीन तुकडे करतात, भारतीय लिप्यांमधली जोडाक्षरं अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली १५.१ आवृत्तीत आला. भाचीला स्वतःच लिहू दे, त्यातच मजा आहे.

फक्त 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'कडे लक्ष ठेवा, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' वगैरे. हा र दोन प्रकारांनी टाइप होतो, एक म्हणजे ऱ हे वेगळं चिन्ह घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरा म्हणजे साधा र, पायमोड आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण पायथॉनला विचारलं तर दोन शब्द वेगळे, सर्च केलं तर एक सापडतो दुसरा नाही, आणि वरचा नियमही दुसऱ्या प्रकारावर फसतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवूनही हे दोन एक होत नाहीत. सुरुवातीलाच दुसऱ्याच्या जागी पहिला घालून घ्या.

मग 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' टाकून बघा, स्पेस आधी काढून. दोन्ही पास व्हायला हवीत. 'चिमा काय कामाची' मात्र नापास होईल, तिथे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नका, पहिला चि ऱ्हस्व आहे आणि शेवटचा ची दीर्घ, लहानपणी आपण सगळ्यांनी ते खपवून घेतलं होतं.