कुलूप कधी लागलं ते बघ

ताई,
माझं वय ४६, लग्नाला १९ वर्षं झाली. नवरा चांगला आहे, कष्टाळू आहे, पण घरातली एक वस्तू बाहेर जाऊ देत नाही. माळा भरलाय, बाल्कनीतलं कपाट भरलंय. बंद पडलेले मोबाइल, कशाच्या ते कुणालाच माहीत नाही अशा वायरी, कधीच विकून टाकलेल्या मिक्सरचं माहितीपत्रक. काही काढायला गेलं की एकच उत्तर, ‘राहू दे, लागेल कधीतरी.’ मी नीटनेटक्या घरात वाढले. या अडगळीत मला गुदमरायला होतं. जानेवारीत तो आठवडाभर कामासाठी बाहेर होता तेव्हा मी तीन पोती भरून भंगारात दिली. वायरी, चार्जर, दोन मोबाइल, सासऱ्यांच्या वेळचा स्क्रूंचा पत्र्याचा डबा, असंच काहीबाही. त्याला आजतागायत कळलेलं नाही, म्हणजे बघा किती गरज होती त्याची! मी वाचलं की याला होर्डिंग म्हणतात आणि हा मानसिक आजार आहे. आता तर तो वाढलाय. फेब्रुवारीपासून त्याने बाल्कनीतल्या कपाटाला कुलूप लावलंय, किल्ली खिशात घेऊन फिरतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा दहा दिवस नाहीये. दुसरी किल्ली बनवून घेऊन एकदाच सगळं साफ करून टाकू का? हवं तर प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवते. की आधी त्याला डॉक्टरांकडे न्यावं?
– गुदमरलेली

अगं, त्याला कळलंय.

वर पत्र थोडक्यात दिलंय. तुझं मूळ पत्र चार पानी आहे. पोत्यांची गोष्ट पहिल्या पानावर येते, कुलपाची शेवटच्या पानावर, आणि मधे सगळं माळ्याचं वर्णन आहे. म्हणून तुझ्या लक्षात आलं नसावं. आता ती दोन वाक्यं एकाखाली एक लिहून काढ. जानेवारीत तीन पोती गेली. फेब्रुवारीत कुलूप आलं. एकोणीस वर्षं ते कपाट उघडं होतं. तू कुरकुरत होतीस, तो ‘राहू दे’ म्हणत होता, आणि तरी त्याला कधी कुलूप लावावंसं वाटलं नाही. मग या फेब्रुवारीत काय झालं? आजार वाढला म्हणतेस. मला विचारशील तर, घरात आपल्या वस्तूंना कुणीतरी आपल्यामागे हात लावतं, हे त्याच्या ध्यानात आलं. घरात दुसरं मोठं माणूस कोण आहे?

त्याने आरडाओरडा केला असता तर मला इतकी काळजी वाटली नसती. भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला झाला असता, मिटलं असतं. हा माणूस काही बोलला नाही. जाऊन एक कुलूप घेऊन आला, आणि रोज सकाळी कामाला जाताना किल्ली खिशात टाकतो. तू समोर असतेस आणि तुला वाटतं की त्याला कळलेलंच नाही.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी त्यांचं टेबल आवरलं. घरी आल्यावर त्यांना प्रसन्न वाटावं, एवढाच विचार. खालच्या खणात चष्म्याचं एक घर होतं, आत एकाच काचेचा चष्मा, दांडी दोऱ्याने बांधलेली. टाकून दिला. ते घरी आले, टेबलाशी बसले, खण ओढला. आत पाहिलं, खण लावला. थोड्या वेळाने पुन्हा ओढला आणि या वेळी हात पार मागच्या कोपऱ्यापर्यंत घालून चाचपून बघितलं. मी दारात उभी होते. म्हटलं, ‘बाबा, काही हवंय का?’ ‘नाही गं,’ म्हणाले. त्यानंतर त्यांची डायरी, त्यांचं पेन, कसल्याकसल्या चिठ्ठ्या, सगळं उशीखाली असायचं. शेवटपर्यंत. तो चष्मा कुणाचा होता हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे टाकल्याचं कबूल करायचं. आता विचारायला ते नाहीत.

म्हणून तुझ्यावर चिडलेय मी, आणि घाईसुद्धा करतेय.

होर्डिंगचं आधी संपवू. आजार खरा आहे. पूर्वी तो मंत्रचळाचाच एक प्रकार धरत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा दिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आता आहे. पण त्याची लक्षणं नीट वाच. वस्तू मोलाची असो वा फुटकळ, टाकायची म्हटली की जीव कासावीस होतो, आणि साठत साठत राहत्या खोल्याच वापरता येईनाशा होतात. पलंगावर झोपायला जागा उरत नाही, ओट्यापाशी उभं राहता येत नाही. तुझ्या चार पानांत एक माळा आणि बाल्कनीतलं एक कपाट आहे. पलंगाबद्दल, ओट्याबद्दल, बसायच्या खोलीबद्दल अवाक्षर नाही. निदान करायला मी डॉक्टर नाही आणि तूही नाहीस. नवऱ्याला न विचारता त्याची पोती भरलीस, निदान त्याच्याही पुढे जाऊन कशाला करतेस? आणि ज्यांना हा आजार खरोखर असतो, त्यांच्यावर उपचार करणारी माणसंसुद्धा पोती घेऊन घरात शिरत नाहीत. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे ते त्या माणसाकडूनच ठरवून घेतात, एकेक वस्तू त्याच्या हातात देऊन. कुणी परस्पर घर रिकामं केलं की ते पुन्हा भरतं, आणि वर माणूस जवळच्यांवरही संशय घ्यायला लागतो. तो शेवटचा भाग तुझ्या घरात सुरू झालाय, आजार असो वा नसो.

तुझं गुदमरणं मी खोटं मानत नाही. लॉस एंजेलिसमधल्या नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. ज्या बायका आपल्या घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट पडलेली कामं असंच बोलत होत्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवस कलताना जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. त्यांच्या नवऱ्यांमध्ये हे तितकं ठळक दिसलं नाही. तेव्हा तुला त्रास होतो आणि त्याला होत नाही, हे दोन्ही खरं असू शकतं. पण तुझा त्रास खरा आहे म्हणून त्याच्या वस्तू तुझ्या होत नाहीत.

‘कळलंही नाही, म्हणजे बघा किती गरज होती’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. गरजेवर वस्तूचं मोल ठरत असतं तर सगळ्यांचीच कपाटं निम्मी झाली असती. कानमन, नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी १९९० साली मांडलेला एक साधा प्रयोग आहे. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? ते मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी ज्यांच्याकडे ते होते त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. थोड्या वेळाच्या मालकीने एवढा फरक पडतो. तू तर एका माणसाच्या वडिलांचा डबा उचललास.

हो, तो डबा. चार्जर, मोबाइल आणि ‘असंच काहीबाही’ यांच्यामधे तू तो कोंबून दिलास, पत्रातही आणि पोत्यातही. ‘सासऱ्यांच्या वेळचा’ म्हणालीस, म्हणजे ते हयात नाहीत असं धरते. स्क्रूंचा डबा कसा वापरतात ते पाहिलंयस कधी? जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, डबा त्यावर उपडा करायचा, गंजाचा वास येतो. मग एका बोटाने सारत सारत हवा तो स्क्रू शोधायचा. सापडला की वर्तमानपत्र दोन्ही कडांनी उचलून त्याची पन्हळ करायची आणि सगळं खळखळत परत डब्यात ओतायचं. जवळ लहान मुलगा असला तर त्याला काम देतात, चपट्या डोक्याचे एकीकडे काढ रे. तुझा नवरा तसा बसला असेल का? मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. एकोणीस वर्षं तो डबा तुझ्या घरात होता, तू विचारलं नाहीस, आणि आता तर दाखवायला डबाच राहिला नाही.

मोबाइलचंही सांगून टाकते, कारण हे सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हवं. मोबाइलमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती चेपली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते. कचरा वाहून नेणाऱ्या गाड्यांना अशा बॅटऱ्यांनी आगी लावल्या आहेत. ती पोत्यात दाबून भरायची वस्तू नाही, इ-कचरा घेतात तिथेच द्यायची. आणि देण्याआधी त्या फोनमधले फोटो, मेसेज, आवाज काढून घेतलेस का? पुसलेस का? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस, त्यावरून समजले.

फोटो काढून वस्तू सोडायची तुझी कल्पना वाईट नाही. तिच्यावर २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला. कॉलेजच्या काही वसतिगृहांत मुलांना सांगितलं, वस्तू दान करायच्या आहेत, आठवणीची असेल तर आधी फोटो काढा. बाकीच्यांना फोटोचं काही सांगितलं नाही. फोटोवाल्यांकडून ६१३ वस्तू आल्या, दुसऱ्या बाजूने ५३३. पण तिथे प्रत्येकाने आपल्याच वस्तूचा फोटो काढला होता आणि आपल्याच हाताने ती देऊन टाकली होती. तू त्याच्यामागे काढलेले फोटो त्याच्या हातात पडले, तर त्यांत त्याला आठवण दिसणार नाही. आपल्या कपाटात कोण शिरलं होतं ते दिसेल.

दुसरी किल्ली बनवायची नाही. त्या दहा दिवसांत नाही, कधीच नाही. त्याने उघडपणे कुलूप लावलं, सगळ्यांना दिसेल असं. घरच्या माणसाला याहून स्पष्ट कसं सांगायचं? तेही तू चोरून उघडलंस, तर यानंतर तो काय काय कुलपात ठेवेल याचा विचार कर. आणि ते सगळं वस्तूच असेल असं नाही.

आज रात्री त्याला सांग. रविवारची वाट बघू नकोस, ‘त्याचा मूड बघून’ही नको. जेवणं झाल्यावर टीव्ही बंद कर, समोर बस आणि म्हण, ‘जानेवारीत तू नव्हतास तेव्हा मी तुझ्या वस्तूंची तीन पोती भंगारात दिली. तुला विचारलं नाही. माझं चुकलं.’ आणि थांब. ‘पण’ हा शब्द आज तोंडातून निघता कामा नये. ‘पण तू तरी किती साठवतोस’ हे तर नाहीच, ते गेली एकोणीस वर्षं म्हणून झालंय. तो चिडेल कदाचित. तीन महिने दाबून ठेवलेलं आहे, चिडू दे. कदाचित ‘माहीत आहे मला’ एवढंच म्हणेल आणि उठून जाईल. तुला ते जास्त लागेल. तरी मागे जाऊन समजूत घालू नकोस, स्वतःची बाजूही मांडू नकोस. तू सांगितलंस हे त्याच्या कानावर राहू दे.

सांगताना त्याच्या हातात यादी दे. काय काय गेलं त्याची, आठवेल तेवढी संपूर्ण. त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंवरून त्याची नजर पुढे सरकेल. एखाद्या ओळीवर थांबेल. तिथे विचार, ‘हे काय होतं?’ आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐक. हातात फडका नाही, डोळा घड्याळाकडे नाही. भंगारवाल्याकडे अजून काही शिल्लक असण्याची आशा फारशी नाही, तरी उद्या जाऊन विचारून ये. एकटी जा.

माळ्याचा विषय या वेळी काढू नकोस. किल्लीही मागू नकोस.

यादी कागदावर लिही, आणि तो घरी यायच्या आधी लिही, कारण आठवायला तुला वेळ लागणार आहे. डबा पहिल्या ओळीत लिही.