उदास समुद्र, कुंद आभाळ?

कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराच्या 'समुद्रकाठचा साधू' (१८०८-१०) या चित्राविषयी लिहिताना 'उदास समुद्र, कुंद आभाळ' म्हणावं, की 'भकास' जास्त नेमकं होईल, असा प्रश्न आहे.

'भकास' आधी बाजूला ठेवू. जिथं माणसांची वर्दळ असायला हवी आणि नाही, ते भकास: बंद पडलेला वाडा, उठून गेलेला बाजार. उघड्या समुद्राला हा शब्द बसत नाही. फ्रीडरिखनं या चित्रात आधी जहाजं रंगवली होती, मग ती स्वतःच रंगाखाली बुजवली. त्याला ओसाडी नको होती, अथांगपण हवं होतं.

'कुंद' फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ बोथट, मंद. (सरस्वतीच्या श्लोकातलं शुभ्र कुंदफूल संस्कृत, त्याचा याच्याशी संबंध नाही.) मराठीत कुंद हवा म्हणजे वारा पडलेला, उजेड मंदावलेला, जीव कोंडल्यासारखा होतो ती. आता चित्र जवळून पाहा. काळपट निळ्या पाण्यावर फेसाचे बारीक पांढरे ठिपके आहेत, आसपास पक्षी उडताहेत. म्हणजे वारा आहे. क्षितिजालगत आभाळ दाटलेलं आहे, पण वर जावं तसं ते निवळत निळं होतं. कॅनव्हासचा बहुतेक भाग या आभाळानंच व्यापलाय. याला आपल्याकडं 'मळभ' म्हणतात. मळभ दाटतं तसं सरतंही, आणि ती शक्यता या चित्रात आहे.

खरा विचार करावा तो 'उदास'चा. आज आपण तो खिन्न या अर्थानं वापरतो. पण तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' मध्ये खिन्नतेचा मागमूस नाही. तिथं उदास म्हणजे अलिप्त, आसक्ती नसलेला. फिकट वाळूवर उभी असलेली ती चिमुकली काळी आकृती या जुन्या अर्थानं उदास आहे, आणि नव्या अर्थानं पाहणाऱ्यालाही ती चुकीची वाटत नाही. एकाच शब्दात दोन्ही भाव सांभाळणारी अशी सोय मला तरी फार मोलाची वाटते.

तेव्हा 'उदास' जरूर ठेवा, पण समुद्राला न लावता साधूला लावा. आभाळाला 'मळभ' म्हणा. समुद्राला विशेषण हवंच असेल, तर 'काळाशार' पुरेसं आहे.