मॅग्नेशियम कॅल्मोड्युलिनमध्ये बसतं, मग त्याला चालू का करत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांना दुसरे आयन चालू करू शकतात का? आणि मॅग्नेशियमवरही दोनच धनभार असताना त्याला ते का जमत नाही?

पहिल्याचं उत्तर: हो, करू शकतात. दुसऱ्यासाठी एक गोष्ट पक्की करून घ्या. आयन जागेवर बसणं वेगळं आणि प्रथिन चालू होणं वेगळं. मी मुंबईतल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो. व्हायव्हाला मुलं हमखास इथेच अडकतात.

कॅल्मोड्युलिनच घ्या, म्हणजे कॅल्शियम बसलं की दुसऱ्या एन्झाइमांना कामाला लावणारं प्रथिन. १४८ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन, त्यात कॅल्शियमच्या चार जागा. प्रत्येक जागा म्हणजे बारा अमिनो आम्लांचा एक फास आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सर्पिलं (हेलिक्स). या रचनेला ईएफ-हँड म्हणतात. कार्प माशाच्या स्नायूतल्या प्रथिनात ती १९७३ साली पहिल्यांदा नीट ओळखली गेली, तिथल्या ई आणि एफ या सर्पिलांवरून हे नाव. फासात कॅल्शियमला सात ऑक्सिजन धरतात, आणि त्यातले दोन एकट्या बाराव्या जागेवरच्या ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे. सगळी गंमत या ग्लुटामेटची आहे. दोन्ही ऑक्सिजन कॅल्शियमला लावायचे तर त्याला पुढे सरकावं लागतं, आणि सरकताना ते आपलं सर्पिलही ओढून नेतं. प्रथिन उघडतं, आत दडलेले मेथिओनिन या अमिनो आम्लाचे तेलकट पट्टे बाहेर येतात, आणि पुढचं एन्झाइम त्यांनाच येऊन चिकटतं.

मॅग्नेशियम बारीक. त्याची त्रिज्या ०.७२ आँगस्ट्रॉम, कॅल्शियमची १.००. त्याला सहाच ऑक्सिजन लागतात, म्हणून ग्लुटामेट एकच ऑक्सिजन देतं आणि जागचं हलत नाही. शिवाय मॅग्नेशियम आपल्याभोवतीचं पाणी सहजासहजी सोडत नाही. स्वस्थ पेशीत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, तर मॅग्नेशियम मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे हजारो पटींनी जास्त. त्यामुळे काही फासांत ते आधीच जाऊन बसलेलं असतं. लोकलच्या सीटवर टाकलेला रुमाल समजा. जागा अडवतो, पण प्रवास करत नाही. कॅल्शियम वाढलं की रुमाल उचलला जातो.

हे मी पुस्तकात नाही, लॅबमधल्या कॉलममध्ये, म्हणजे प्रथिनं वेगळी करायच्या नळीत, शिकलो. एमएस्सीला असताना कॅल्मोड्युलिन फिनाइल कॉलमवर चढवायचं होतं, त्यातले मणी तेलकट गोष्टींना धरतात. कॅल्शियम असताना तेलकट पट्टे उघडे असल्याने ते चिकटतं, कॅल्शियम काढलं की सुटतं. मी कॅल्शियम न घातलेला बफर सोडला. प्रथिन हलेना! दुपार त्यातच गेली. शेवटी सिनियर ताईंनी काचेची बाटली हातात घेऊन विचारलं, "पाणी यातलंच ना?" काच आणि साधं डिस्टिल्ड पाणी मिळून जेवढं कॅल्शियम देतात, तेवढं या प्रथिनाला पुरतं. प्लॅस्टिकची बाटली घेतली, कॅल्शियमला पकडून ठेवणारं ईजीटीए घातलं, आणि प्रथिन सुटून खाली आलं. मॅग्नेशियम तर त्या बफरमध्ये मुद्दाम घातलेलं होतंच, पण त्याने प्रथिन कॉलमवर धरून ठेवलं नाही. (१८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर या डॉक्टरलाही असाच चकवा बसला होता. बेडकाचं हृदय सलाइनमध्ये धडधडत राहायचं, कारण ते सलाइन नळाच्या पाण्यात केलेलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं.)

आता बाकीचे आयन. बांगड्या भरताना कासार हात चेपून माप सांगतो, तसं इथेही आधी माप बघायचं. कॅडमियमची त्रिज्या ०.९५, कॅल्शियमच्या अगदी जवळ, म्हणून ते कॅल्मोड्युलिनला चालू करतं. बेरियम १.३५, फार मोठं, त्याचा प्रभाव नगण्य. पण स्ट्रॉन्शियम १.१८ आणि शिसं १.१९, इथे कासाराचं गणित फसतं. माप जवळजवळ एकच, तरी स्ट्रॉन्शियम कॅल्शियमपेक्षा खूप जास्त घालावं लागतं आणि शिसं कॅल्शियमपेक्षाही कमी पुरतं. शिसं ऑक्सिजनला फार घट्ट धरतं, आणि त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग एका बाजूला झुकू शकत असल्याने वेड्यावाकड्या जागेतही ते जमवून घेतं. मात्र त्याचं प्रमाण वाढलं की ते भलत्याच जागी चिकटतं आणि कॅल्मोड्युलिनचं काम उलट मंदावतं.

म्हणून शिशाच्या विषबाधेचं सगळं खापर कॅल्मोड्युलिनवर फोडू नका. रक्तातलं हीम बनवणाऱ्या एका एन्झाइममधून शिसं झिंकला हुसकावून लावतं, ते नुकसान वेगळंच.

तीन धनभारांचे लँथनाइडही (टर्बियमसारखे धातू) या फासांत छान बसतात. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या, चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूंची रचना शोधणाऱ्या एनएमआर गटाने आमांशाच्या अमिबातल्या अशाच एका ईएफ-हँड प्रथिनाची रचना २००१ साली मांडली, ती जरूर बघा. आणि लॅबमध्ये टर्बियम क्लोराइड असेल तर कॅल्मोड्युलिनमध्ये थोडं घालून २८० नॅनोमीटरचा प्रकाश टाका. फासातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल तो प्रकाश शोषून टर्बियमला देतं आणि ५४५ नॅनोमीटरला हिरवा उजेड येतो. वरून कॅल्शियम घालून तो उजेड कमी होतो का, तेही बघा. टर्बियमला हटवायला कॅल्शियम भरपूर लागतं.