डिपस्टिकवर ऑइल वाढतंय? मग किलोमीटर मोजू नका

तुमची पोस्ट वाचली: बीएस-६ डिझेल गाडी, रोज सहा-सात किलोमीटरची ऑफिसची फेरी, सिंथेटिक ऑइल घालून ७,००० किलोमीटर झाले आणि डिपस्टिकवर पातळी मॅक्सच्या वर. त्यात सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘इंजिन ऑइल खात नाही, छानच आहे, १५,००० पर्यंत बघूच नका.’ हे वाचून राहवलं नाही. असाच सल्ला ऐकला आणि माझा डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर, गेला.

वाढलंय ते ऑइल नाही, डिझेल आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल मुद्दाम उशिरा फवारतो, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या फटीतून खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं. शहरात हे काजळी जाळणं, म्हणजे रिजनरेशन, अर्धवट असतानाच आपण गाडी बंद करतो. पुढच्या फेरीत पुन्हा तीच फवारणी. ऑइल पातळ झालं की आधी टर्बो आणि बेअरिंग मरतात. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम रेस होऊ शकतं, मग चावी काढली तरी थांबत नाही. अर्धा लिटर उपसून पातळी जुळवणारे भेटतील. त्याने काठी खूश होते, ऑइल पातळ ते पातळच. पूर्ण बदला, फिल्टरसकट, आत्ताच.

यापुढे? मॅन्युअलमध्ये १०,००० किंवा एक वर्ष असेल तर तुमच्या वापराला मी ५,००० ते ६,००० किंवा सहा महिने धरेन. कंपनीचा माणूस नाही मी, वॉरंटीत असाल तर मॅन्युअलपेक्षा उशीर मात्र अजिबात नको. ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ते काही शे किलोमीटरांतच काळं होतं.

खरा घोळ बिलावर असतो. तिथे नुसतं ‘फुली सिंथेटिक’ लिहितात. माझ्या गाडीत ट्रकचं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल गेलं होतं, विचारलं तर ‘डिझेलचंच आहे ना साहेब’. अहो, काजळी जळते, पण ऑइल जळून उरलेली राख जळत नाही! ती डीपीएफमध्ये कायमची बसते. मॅन्युअलमध्ये एसीईए सी२ किंवा सी३ (ऑइलचा युरोपीय दर्जा, म्हणजे स्पेक) सांगितलं असेल तर डब्यावर तेच हवं. त्यात सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या आत असते. सीलबंद डबा समोर उघडायला लावा, बिलावर ग्रेड आणि स्पेक दोन्ही लिहून घ्या.

डिपस्टिक बघायची ती सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटलं नाही ना, तेही बघा. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल भसाभसा गळतं.

आणि आयडलिंग थोडं चढलेलं, पंखा घोंघावतोय, स्टार्ट-स्टॉप चालत नाहीये, असं दिसलं तर रिजनरेशन सुरू असण्याची शक्यता जास्त. पार्किंगमध्ये वळू नका. एक चक्कर मारा, पंधरा-वीस मिनिटं, ताशी ६० च्या वर.